तांबडा कागद

कलकत्त्याच्या उत्तरेला, विमानतळाकडे जाणाऱ्या वाहनांची रीघ जेथून फारशी दूर नाही अशा नागेरबाजारच्या दाट वस्तीत, एका उंचवट्यावर एक जुनी, पडझडीस आलेली हवेली उभी आहे. लोक तिला क्लाइव्ह हाऊस म्हणतात. गावाचे नाव बंगाली उच्चारात दमदम, आपल्याकडे डमडम. फारसीतील 'दमदमा' या शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते, आणि तो शब्द बखरींच्या वाचकाला परका नाही, कारण किल्ल्यास वेढा घालणाऱ्या फौजा तोफा चढविण्यासाठी मातीचे जे उंच ढीग रचीत त्यांना आपले कारकूनही दमदमेच म्हणत. १७८३ पासून सत्तर वर्षे बंगाल तोफखान्याचे मुख्य ठाणे येथे होते. १८५७ च्या जानेवारीत चरबीच्या काडतुसांची पहिली कुजबूज येथेच उठली. आणि येथल्या कारखान्यात घडलेली, शरीरात शिरताच फुलणारी जी गोळी गावाचे नाव घेऊन जगभर गेली, तिच्या जातीच्या गोळ्यांवर १८९९ मध्ये हेगच्या परिषदेने बंदी घातली. या गोष्टी सर्वश्रुत आहेत. मला येथे सांगावयाची आहे ती हकीकत या सर्वांहून जुनी असून, ज्या पुरुषाचे नाव या हवेलीला चिकटले आहे त्याच्या हुकुमाने तयार झालेल्या एका खोट्या दस्तऐवजाची आहे. तो दस्तऐवज तांबड्या कागदावर लिहिलेला होता.

ही जुनी गोष्ट आज उकरून काढण्याचे कारण आजचेच आहे. दूरध्वनीवरून, संगणकावरून आणि निरनिराळ्या ॲपांच्या द्वारे फसविल्या गेलेल्या आपल्या देशबांधवांनी २०२४ या एका वर्षात जी रक्कम गमावली ती सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २२,८४५ कोटी रुपयांच्या घरात जाते, आणि त्याच्या आदल्या वर्षीचा आकडा ७,४६५ कोटींचा होता. एवढा पैसा कोणाच्या घरातून गेला याचा विचार केला म्हणजे मन विषण्ण होते. कारण तो बहुतांशी निवृत्तिवेतनाचा, मुलीच्या लग्नासाठी साठविलेला, शेत विकून बँकेत ठेवलेला असा पैसा आहे. आणि तरीही या विषयावर बोलताना सुशिक्षित माणसेसुद्धा असे म्हणतात की हे सारे नव्या यंत्रांचे पाप आहे, जुन्या माणसांना ती यंत्रे कळत नाहीत म्हणून ती फसतात. माझे मत निराळे आहे. यंत्र नवे असले तरी विद्या फार पुरातन आहे, आणि तिच्यावरचा उताराही आपल्या पूर्वजांना पक्का ठाऊक होता.

१७५७ साली बंगालमध्ये काय घडले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. आदल्या वर्षी नवाब सिराजउद्दौलाने घेतलेले कलकत्ता इंग्रजांनी जानेवारीत परत मिळविले. ५ फेब्रुवारीला इंग्रज फौजेचा सेनानी क्लाइव्ह याने दाट धुक्यातून नवाबाच्या छावणीवर हल्ला केला आणि ९ तारखेला अलीनगरचा तह झाला. त्या वेळी नवाबाचा तळ ज्या बागेत पडला होता ती बाग अमीचंद नावाच्या एका धनाढ्य व्यापाऱ्याची. पंजाबकडून बंगालमध्ये येऊन स्थायिक झालेला हा गृहस्थ इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीशी व्यापार करी, नवाबाच्या दरबारातही त्याचा राबता होता, आणि म्हणूनच त्यानंतर नवाबाला पदच्युत करून मीर जाफरास मसनदीवर बसविण्याचा जो कट शिजला त्यात मध्यस्थ म्हणून तो अपरिहार्य ठरला. कट पुऱ्या रंगात आला असता अमीचंदाने आपला मोबदला मागितला, तो न मिळाल्यास सर्व गुपित नवाबाच्या कानावर घालण्याचा धाक घातला, आणि मागणीचा आकडा प्रचंड होता. तेव्हा कलकत्त्याच्या कौन्सिलातील निवडक मंडळींच्या संमतीने क्लाइव्हने दोन तह तयार करविले. पांढऱ्या कागदावरचा खरा. त्यात अमीचंदाचे नावही नव्हते. तांबड्या कागदावरचा खोटा; त्यात अमीचंदास २० लक्ष रुपये देण्याचे कलम होते. ॲडमिरल वॉटसन या आरमाराच्या प्रमुखाने पांढऱ्या कागदावर सही केली, परंतु तांबड्यावर करण्याचे नाकारले. वॉटसनची सही नसती तर अमीचंदाला संशय आला असता; म्हणून लशिंग्टन नावाच्या इसमाकडून क्लाइव्हने ती सही करवून घेतली. पुढे क्लाइव्हच्या पक्षाने असे सांगितले की वॉटसनने स्वतः सही केली नाही तरी आपले नाव घालण्यास त्याची विशेष हरकत नव्हती; यावर साक्षी परस्परविरोधी पडल्या आहेत. एवढे निर्विवाद की कागदावरचे अक्षर वॉटसनचे नव्हते.

२३ जूनला प्लासी झाली. त्या महिन्याच्या अखेरीस मुर्शिदाबादेत जगत्सेठांच्या वाड्यात सर्व संबंधित मंडळी जमली, पांढरा कागद वाचण्यात आला आणि कोणाला किती द्यावयाचे ते ठरू लागले. अमीचंद आपल्या वाट्याची वाट पाहत होता. क्लाइव्हने खूण करताच स्क्रॅफ्टन या त्याच्या सहकाऱ्याने अमीचंदाला हिंदुस्थानीत सांगितले की तांबडा कागद ही फसवणूक होती, त्याला काहीही मिळावयाचे नाही. त्या काळचा इतिहासकार ऑर्म लिहितो की अमीचंद तेथेच मूर्च्छित पडला आणि पुढे भ्रमिष्ट झाला; भ्रमिष्टपणाविषयी नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे, पण तो १७५८ च्या अखेरीस वारला.

मी या प्रसंगाकडे पुष्कळ वेळा परतलो आहे, आणि दर वेळी मला एकच प्रश्न पडला आहे: इतका मुरब्बी माणूस, ज्याचे आयुष्य हुंड्या, करारनामे आणि दरबारी लिखाणे पारखण्यात गेले, तो एका कागदाने कसा फसला? तो लोभी होता असे म्हणून इतिहासकार मॅकॉलेपासून अनेकांनी या प्रश्नाचा निकाल लावला आहे. तो लोभी असेल. परंतु लोभी माणसे रोज हजारो कागद पारखून घेतात आणि फसत नाहीत. खरे कारण मला त्या कटाच्या स्वरूपातच दिसते. हा कागद अमीचंदाला कोणालाही दाखविता येत नव्हता. तो घेऊन तो आपल्या मुनिमाकडे जाऊ शकत नव्हता, वॉटसनच्या जहाजावर जाऊन 'ही सही आपलीच ना' असे विचारू शकत नव्हता, कोणा जाणत्या स्नेह्याचा सल्ला घेऊ शकत नव्हता; कारण गुपित फुटले असते तर त्याचीच मान नवाबाच्या तलवारीखाली गेली असती. फसविणाऱ्याने त्याला प्रथम गुपितात गुंतविले आणि मग त्या गुपिताच्या भिंतींआड एकट्यालाच तो कागद वाचावयास दिला. सही हुबेहूब असेलही. पण त्याहून महत्त्वाचे हे की ती पारखणारे दुसरे डोळे तेथे नव्हते.

क्लाइव्हला या कृत्याबद्दल कधी पश्चात्ताप झाला नाही. पार्लमेंटच्या समितीपुढे त्याने सर्व कबूल केले आणि पुन्हा प्रसंग आला तर पुन्हा हेच करीन अशा अर्थाची साक्ष दिली. १७७३ मध्ये पार्लमेंटने त्याच्या देशसेवेची वाखाणणी करून प्रकरण मिटविले. दोनच वर्षांनी, ५ ऑगस्ट १७७५ रोजी, त्याच कलकत्त्यात महाराजा नंदकुमार यांना एक खोटे खत केल्याच्या आरोपावरून, इंग्लंडचा कायदा बंगाली प्रजेला लावून, फाशी देण्यात आले. एकच अपराध, एकच शहर. या दोन निकालांवर अधिक भाष्याची गरज नाही.

आता आपल्याकडे वळू. मराठी दप्तरांतील जुने कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना माहीत आहे की लबाडीची भीती आपल्या पूर्वजांना किती होती आणि त्यांनी तिचा बंदोबस्त किती बारकाईने केला होता. पत्राच्या शिरोभागी मुद्रा. मजकूर संपला तेथे मर्यादेचा शिक्का, म्हणजे मागाहून कोणी एक ओळही वाढवू नये. कागदाचे बंद एकमेकांना जेथे चिकटविले त्या जोडांवर पुन्हा शिक्का, म्हणजे मधला बंद बदलता येऊ नये. शेतकऱ्याला अक्षर येत नसे तर तो नावापुढे नांगराची निशाणी काढी. आणि या सर्वांखाली, कित्येकदा मूळ मजकुराहून अधिक जागा व्यापून, साक्ष. पाटील, कुळकर्णी, चौगुला, शेटे, महार, सुतार, कुंभार, अशी गावची पांढरी त्या कागदाखाली उभी राही. महजर म्हणजे तर शेकडो माणसांच्या डोळ्यांदेखत झालेला निवाडा. जमिनीचा एक तुकडा विकताना एवढी माणसे कशाला, असे आज आपल्याला वाटेल. ती शोभेसाठी नव्हती. खरेदीखताची खबर एवढ्या माणसांना असली म्हणजे ते खोटे करणे जवळपास अशक्य होते; आणि ज्या माणसाचा हेतू वाईट आहे तो मुळात एवढ्या माणसांसमोर येतच नाही.

अर्थात ही व्यवस्थाही कधी कधी हरली. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन जो तोतया उठला त्याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. रत्नागिरीस तो कैदेत होता. ज्याच्या ताब्यात होता तो अधिकारीच त्याच्या बाजूस मिळाला, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो लोक त्याच्या निशाणाखाली जमा झाले, आणि १७७६ मध्ये त्याला पकडून पुण्यात देहान्त शासन होईपर्यंत पेशव्यांच्या राज्याला त्याने घोर लावला. न. चिं. केळकरांनी त्यावर नाटक लिहिले. या तोतयाला लोक भुलले ते मूर्ख होते म्हणून नव्हे. पानिपतात ज्यांच्या घरचा कोणी ना कोणी पडला होता त्या लोकांना, भाऊ परत आले असे कोणी सांगावे, ही मनोमन आस होती. फसविणारा जे सांगतो ते ऐकण्यासाठी मन आधीच आसुसलेले असते, किंवा आधीच भयभीत झालेले असते. या दोहोंपैकी एक अवस्था त्याला लागतेच. आजच्या बातम्यांतही मला हेच दोन दरवाजे दिसतात: एका दरवाजातून महिन्याला भांडवल दुप्पट करून देणारे शेअरबाजाराचे खोटे ॲप आणि घरबसल्या कामाचे आमिष आत येते, दुसऱ्यातून पोलीस, सीमाशुल्काचा अधिकारी आणि वीज तोडणारा कर्मचारी.

बंगालच्या इतिहासात साक्षीच्या या प्रथेला एक नवे वळण मिळाले ते प्लासीनंतर एकशे एक वर्षांनी, आणि तेही मुर्शिदाबाद जिल्ह्यातच. जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या तरुण अधिकाऱ्याने १८५८ च्या जुलैमध्ये राज्यधर कोनाई नावाच्या इसमाशी रस्त्याच्या खडीचा करार केला. पुढे हा माणूस 'ही सही माझी नव्हे' असे म्हणेल या धास्तीने हर्शेलने त्याच्या तळहाताला शाई फासून तो कागदावर उमटवून घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळीस मॅजिस्ट्रेट असताना त्याने हीच युक्ती निवृत्तिवेतनधारकांना आणि खतांच्या नोंदणीला लावली, कारण मेलेल्या पेन्शनराच्या नावाने दुसराच कोणी येऊन पैसे घेऊन जाण्याचे प्रकार होत होते. अझीझुल हक आणि हेमचंद्र बसू या दोन बंगाली अधिकाऱ्यांनी ठशांचे वर्गीकरण करण्याची पद्धत सिद्ध केली, जी पुढे त्यांच्या वरिष्ठाच्या, एडवर्ड हेन्रीच्या, नावाने जगात ओळखली गेली. आणि १८९७ मध्ये बोटांच्या ठशांचे जगातले पहिले कार्यालय कलकत्त्यात उघडले. ज्या भूमीत वॉटसनची सही दुसऱ्याने केली, त्याच भूमीने सहीची जागा घेणारा अंगठा जगाला दिला.

परंतु अंगठाही कोऱ्या कागदावर घेतला तर काय उपयोग? हे महाराष्ट्र फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे फोडली आणि सोन्यानाण्याआधी खते बाहेर काढून जाळली; कारण त्या खतांवर काय लिहिले होते ते निशाणी करणाऱ्याला कधी कळलेच नव्हते. त्या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्याचे एक कलम मला विशेष मोलाचे वाटते: पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याने लिहून द्यावयाचे खत गावच्या रजिस्ट्रारसमोर लिहिले गेले पाहिजे. म्हणजे देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये एक तिसरा माणूस बसविला. त्या बसण्याला वेळ लागे, चालत जावे लागे, मजकूर मोठ्याने वाचला जाई. सावकाराला हीच दिरंगाई नको होती. आणि शेतकऱ्याच्या रक्षणाचे साधन नेमके तीच दिरंगाई होती.

बंगालमध्ये या इतिहासाने एक विचित्र वर्तुळ पुरे केले आहे. २०२३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये अनेक नागरिकांच्या खात्यांतून त्यांच्या नकळत पैसे गेले. तपासात असे निघाले की मालमत्तेच्या नोंदणीच्या वेळी खतांवर उमटविलेले बोटांचे ठसे संकेतस्थळांवरून उचलून, त्यांच्या रबरी प्रतिमा बनवून, आधारवर आधारलेल्या रोकड यंत्रांवर त्या टेकविल्या जात होत्या. हर्शेलचा अंगठा हर्शेलच्याच बंगालमध्ये चोरला गेला. तेव्हा पोलिसांनी नागरिकांना आधारमधील आपले ठसे कुलूपबंद करून ठेवण्याची सूचना केली. ती सोय आजही आहे आणि ज्याला अंगठ्याने पैसे काढावे लागत नाहीत त्याने ती अवश्य वापरावी.

या विद्येने पुढे यंत्रांचा प्रवास केला. हिंदुस्थानात भ्रमणध्वनीवरून पहिला संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीशी केला. त्यानंतर पंचवीस वर्षे झाली नाहीत तोच, कलकत्ता–दिल्ली लोहमार्गावरील झारखंडमधील जामताडा जिल्ह्याचे नाव फोनवरच्या फसवणुकीसाठी देशभर गाजू लागले. त्या जिल्ह्यातील करमाटाड या गावाचा उल्लेख आला की माझे मन खिन्न होते, कारण ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आपल्या उत्तर आयुष्यातील वर्षे याच गावी संथाळांना औषध देत आणि मुलींसाठी शाळा चालवीत काढली. तेथील स्टेशनाला त्यांचेच नाव आहे. आणि डमडमजवळ विधाननगर, राजारहाट या ज्या नव्या वसाहती वाढल्या, तेथील बनावट कॉल सेंटरांवर पोलिसांना वारंवार छापे घालावे लागले आहेत. तेथे बसलेली मुले परदेशातील वृद्धांना 'तुमच्या संगणकात बिघाड आहे' असे सांगून लुबाडीत होती.

अलीकडच्या फसवणुकींमध्ये सर्वांत क्रूर प्रकार 'डिजिटल अरेस्ट' हा होय, आणि तो मी अगदी जवळून पाहिला आहे. माझी थोरली बहीण डमडम छावणीच्या भागात राहते. मेहुणे वारल्यापासून एकटीच आहे. दोन वर्षांपूर्वी पौष संक्रांतीच्या सकाळी तिला एक फोन आला. तिच्या नावाचे पार्सल मुंबईत पकडले गेले आहे, त्यात अमली पदार्थ आणि परक्या माणसांची पारपत्रे आहेत, असे सांगून तिला व्हिडिओवर एका खाकी गणवेशातल्या इसमाशी जोडून देण्यात आले. त्याच्या मागे झेंडा, टेबलावर फायली, भिंतीवर बोधचिन्ह. तो मोडक्या मराठीतही बोलला, त्यामुळे तिचा विश्वास अधिकच बसला. त्याने तिला बजावले: कॅमेरा बंद करावयाचा नाही, खोलीबाहेर जावयाचे नाही, कोणाला सांगावयाचे नाही, भावाला तर नाहीच, नाहीतर त्यालाही अटक होईल, चौकशी पुरी होईपर्यंत सर्व ठेवी 'सरकारी' खात्यात जमा कराव्या लागतील. पासबुके काढून ती पलंगावर बसली होती. इतक्यात दारावरची घंटा वाजली. शेजारची बंगाली सून पातिशाप्टा या संक्रांतीच्या गोड पदार्थाची ताटली घेऊन आली होती. 'दार उघडू नका,' असे तो इसम ओरडला. आणि ताई मला पुढे म्हणाली, 'अरे, संक्रांतीच्या दिवशी दाराशी आलेल्या सवाष्णीला परत कशी पाठवू?' तिने दार उघडले. त्या मुलीने तिचा पांढराफटक चेहरा पाहिला, 'माशीमा, की होयेछे?' (मावशी, काय झाले?) असे विचारले, आत येऊन फोनच्या पडद्याकडे पाहिले, आणि त्या क्षणी समोरच्या इसमाने संबंध तोडला. सात तास तिच्या जिवाला ज्याने कोंडून ठेवले, तो एका शेजारणीची सावली पडद्यावर पडताच पळाला.

त्या दिवशी मला तांबडा कागद समजला. आमच्या कायद्यात व्हिडिओवरून अटक करण्याची तरतूद कोठेही नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरील आपल्या भाषणात हे देशाला सांगितले. ज्या अधिकाऱ्याला खरोखर अटक करावयाची असते तो दाराशी येतो, कागद दाखवितो, घरच्यांना कळवितो. कायदा त्याला तसे करावयास भाग पाडतो. खरा अधिकारी साक्षीदार मागतो, खोटा साक्षीदार टाळतो. कल्याणीच्या न्यायालयाने २०२५ च्या जुलैमध्ये नदिया जिल्ह्यातील एका वृद्धाला सुमारे १ कोटी रुपयांना अशाच रीतीने लुबाडणाऱ्या नऊ जणांना जन्मठेपेची शिक्षा दिली. या प्रकारच्या गुन्ह्यात देशात झालेली ही पहिली शिक्षा मानली जाते. क्लाइव्हला न मिळालेला निकाल बंगालच्या भूमीवर अशा रीतीने उशिरा का होईना लागला.

बाकीचे प्रकार या एकाच धाग्याने ओळखता येतात, म्हणून मी ते थोडक्यात सांगतो. 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या क्रमांकावर बोला' हा संदेश माझ्याही फोनवर आला आहे. रात्रीची वेळ अशासाठी निवडलेली की त्या वेळी वीजमंडळाचे कार्यालय बंद असते आणि विचारायला कोणी नसते. पैसे मिळविण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही; जो 'पैसे पाठवितो, पिन टाका' म्हणतो तो घेणारा आहे. ओटीपी हा आजचा अंगठा आहे, आणि तो फोनवर सांगणे म्हणजे सुप्याच्या शेतकऱ्याने कोऱ्या कागदावर निशाणी करणे. लग्नपत्रिका म्हणून आलेली, उघडताच फोनमध्ये काही बसवू पाहणारी फाईल उघडू नये. 'मदतीसाठी' म्हणून तुमचा पडदा पाहू देणारे ॲप कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये. बँकेचा क्रमांक शोधून मिळालेल्या पहिल्या पानावरून नव्हे, पासबुकाच्या किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. आणि आपले खाते काही हजार रुपयांच्या बदल्यात दुसऱ्याला वापरावयास देणारी जी तरुण मुले आहेत त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे की चोरीचा पैसा आधी त्यांच्याच खात्यात येतो आणि पोलीसही आधी त्यांच्याच दाराशी जातात.

या सर्वांत मला सर्वाधिक दुःख होते ते लाजेचे. फसलेला माणूस सांगत नाही. मुले रागावतील, सून हसेल, शेजारी बोलतील, या भीतीने तो दोन-दोन दिवस गप्प बसतो, आणि तेवढ्यात पैसा पाचपन्नास खात्यांतून पांगतो. १९३० या सरकारी क्रमांकावर पहिल्या तासा-दोन तासांत कळविले तर बँका तो पैसा वाटेत अडवू शकतात. पुष्कळांचा अडला आहे. ताईचे काही गेले नव्हते, तरी ती आठवडाभर कोणाशी धड बोलली नाही, आपण इतक्या मूर्ख कशा ठरलो याचाच ती विचार करीत होती. तिला मी अमीचंदाची गोष्ट सांगितली. कंपनीच्या काळातल्या सर्वांत धूर्त व्यापाऱ्याला जे उमगले नाही ते एका सत्तरीच्या बाईला, एकटीला, सात तास कोंडलेली असताना उमगले नाही यात लाज कसली?

म्हणून वाचकांजवळ माझे एवढेच मागणे आहे. आपल्या घरात, आपल्या आईवडिलांच्या, आत्या-मावशीच्या, शेजारच्या एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या फोनशेजारी आज एक चिठ्ठी लावा. तिच्यावर १९३० हा आकडा लिहा, त्याखाली आपला स्वतःचा क्रमांक लिहा, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहा की पैशाविषयी, पोलिसांविषयी किंवा बँकेविषयी कोणीही काहीही म्हणो, आधी मला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी चालेल. आणि तो फोन आला तर रागावू नका.